पायाळू, पापड आणि वळीव



मागच्या लेखाच्या शेवटी मी उडदाच्या पापडाचं प्रमाण द्यायचं कबूल केलं होतं. पापडखार किती, हिंग किती, पीठ किती वेळ कुटायचं, सगळं लिहून ठेवलंय. पण यंदा पापडाचा विषय काढला की आधी दुसरंच काही डोळ्यांसमोर येतं. ते सांगितल्याशिवाय प्रमाण सांगायला माझा हात उचलत नाही.

मी पायाळू आहे. म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आले. आपल्या भागात पायाळू माणसाचा मोठा मान. कुणाच्या कमरेत उसण भरली की मला बोलावणं यायचं. "जरा पाय लाव गं पोरी कमरेला." लहान असताना गल्लीतल्या निम्म्या बायकांच्या कमरेला मी पाय लावलेत आणि त्याबद्दल खोबऱ्याचे तुकडे खाल्लेत. पण या मानाची दुसरी बाजूही होती. पायाळू माणसावर वीज पडते म्हणतात! वळवाचं आभाळ भरून आलं की आई मला हाताला धरून आतल्या खोलीत न्यायची, घोंगड्यावर बसवायची आणि दार ओढून घ्यायची. बाहेर माझ्या बहिणी, काकू, आजी धावत गच्चीवर जाऊन वाळवण गोळा करायच्या आणि मी आत एकटी गडगडाट ऐकत बसायची. लग्न होऊन इथे शिरोळ तालुक्यात आले तरी ते चुकलं नाही. सासूबाईंना कळल्यापासून त्यांनीही तोच नेम धरला. पन्नाशी उलटली तरी आभाळ वाजलं की त्यांची हाक येते, "आत हो आधी!"

तर गेल्या वर्षी वैशाखातली गोष्ट.

सकाळपासून मुगाचे सांडगे घातले होते, तांदळाच्या पापड्या घातल्या होत्या आणि खालच्या सोप्यात उडदाचे पापड लाटणं चाललं होतं. आमच्याकडे लाटायला दर वर्षी एक बाई येतात. मुलं लहानपणापासून त्यांना मावशी म्हणतात, म्हणून मीही मावशीच म्हणते. त्या मला वैनी म्हणतात. वीस वर्षांची ओळख. चार वाजेपर्यंत कडक ऊन होतं आणि सगळं वाळत आलं होतं. साडेचारला पश्चिमेकडून एकदम अंधारून आलं. वारं सुटलं, धुरळा उडाला, शेजारच्यांच्या माडाच्या झावळ्या उलट्या झाल्या.

आता तुम्हाला वेगळं सांगायला नको. आपल्याकडे पापड ज्या दिवशी घातला त्याच दिवशी कडक वाळला पाहिजे. भिजला, ओलसर राहिला की बुरशी आली आणि बुरशी म्हणजे अनंत जीव. ओलं वाळवण टाकायचं तरी हिंसा, ठेवायचं तरी हिंसा. शिवाय दिवस मावळायच्या आत स्वयंपाक उरकून जेवणं व्हायची, म्हणजे हातात दोनच तास. मी सवयीने दाराच्या आत उभी राहिले आणि ओरडले, "मावशी, पळा, आधी पापड्या उचला!"

मावशी पळाल्या. परात घेऊन, दोन-दोन पायऱ्या चढत.

विजा त्याआधीच चमकायला लागल्या होत्या. गडगडाटही होता. पण पाऊस नव्हता ना! आमच्या डोक्यात पाऊस म्हणजेच धोका. पाऊस पडायच्या आत उचललं की जिंकलो.

दोन खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेला सगळं पांढरं झालं. उजेड आणि आवाज एकदमच. मला वाटलं घरच पडलं. शेजारच्या माडाच्या शेंड्यातून धूर निघत होता. मी जिना चढून गच्चीच्या दारापर्यंत गेले. मावशी कपडे वाळत घालायच्या तारेजवळ बसल्यासारख्या पडल्या होत्या. डोळे उघडे, तोंडातून शब्द नाही. माझ्यामागून कोणीतरी ओरडलं, "हात लावू नका, करंट असंल!"

आणि मी मागे सरले. पुढे जाणारे पाय मागे घेतले मी. किती वेळ, ते मला आजही सांगता येत नाही. दोन मिनिटं असतील, पाच असतील. खालून काठी आणा, लाकडी पाट आणा असा गोंधळ चालला होता. शेवटी मावशींचा हात हलला तेव्हा आम्ही धावलो. मोटारीतून दवाखान्यात नेलं. पाय सुन्न झाले होते ते दुसऱ्या दिवशी ताळ्यावर आले. उजव्या कानाचा पडदा फाटला होता. आठ-दहा दिवसांनी त्या पुन्हा कामाला जाऊ लागल्या, पण त्या कानाने अजून नीट ऐकू येत नाही.

पापड वाचले होते. ते आम्ही वर्षभर खाल्ले. पाहुण्यांना वाढले, मुलीच्या घरी डबा भरून पाठवले. औषधपाण्याचा खर्च केला, मावशींना साडी घेतली, आणि मनातून विषय मिटवून टाकला.

यंदा मंदिराच्या फळ्यावर अक्षय तृतीयेच्या उसाच्या रसाच्या सूचनेशेजारी एक कागद लावलेला दिसला. वादळ, वीज आणि गारपीट यांपासून बचाव, मोफत मार्गदर्शन, सर्वांसाठी खुलं, रविवारी दुपारी चार वाजता, शाळेच्या सभागृहात. खाली लिहिलं होतं, महिलांनी आवर्जून यावं. खरं तर आपत्तीचं म्हटलं की आमच्या गावात लोक कंटाळतात. २००५, २०१९, २०२१, तीन महापूर पाहिलेलं गाव हे. कृष्णा-पंचगंगेचं पाणी कुठल्या पायरीला लागलं की जनावरं कुठे न्यायची, हे आमच्या शेंबड्या पोरालाही माहीत. पण पूर चार दिवस आधी सांगून येतो. वीज सांगून येत नाही, असं मला तेव्हा वाटायचं.

मी मावशींना विचारलं, येता का? त्या म्हणाल्या, "येती की. फुकट हाय न्हवं?" सासूबाईही निघाल्या. त्यांचं कारण वेगळं, घरात एकटीने बसायला त्यांना आवडत नाही.

सभागृहात पन्नास-साठ माणसं असतील, त्यात बायका वीस-पंचवीस. मी मावशींच्या डाव्या बाजूला बसले, म्हणजे मध्येच काही सांगायचं झालं तर त्यांच्या चांगल्या कानात सांगता येईल. बोलायला पंचविशीतली एक मुलगी आली होती आणि बरोबर आरोग्य केंद्रातल्या सिस्टर. मुलीने सुरुवातच आकड्याने केली. २०२२ या एका वर्षात आपल्या देशात वीज पडून २,८८७ माणसं गेली. म्हणजे रोजची सरासरी सात-आठ. आणि ही बहुतेक शेतात, रानात, उघड्यावर किंवा झाडाखाली उभी असलेली माणसं.

मग तिने वळीव दुपारनंतरच का येतो ते सांगितलं. दिवसभर जमीन तापते, समुद्राकडून आलेली दमट हवा तापून वर चढते, ढग दहा-बारा किलोमीटर उंचीपर्यंत वाढत जातो. वर थंडीत बर्फाचे कण आणि गारा एकमेकांवर आपटतात, घासतात आणि त्यातून विजेचा भार साठतो. वीज ज्या वाटेने खाली येते तिथली हवा क्षणभर तीस हजार अंश सेल्सिअसच्या आसपास तापते, सूर्याच्या पृष्ठभागाच्या पाचपट. तापलेली हवा एकदम फाकते, तोच गडगडाट. मला पाठशाळेतला धडा आठवला. विजेला आपण अग्निकाय जीवांत धरतो. लहानपणी वाटायचं, आभाळात कसला आलाय अग्नी!

माझी वही भरत होती. पण सगळ्यात उपयोगाचं जे होतं ते अगदी सोपं होतं. वीज चमकली की मोजायला लागायचं. गडगडाट तीस सेकंदांच्या आत ऐकू आला तर वादळ दहा किलोमीटरच्या आत आहे, म्हणजे पुढची वीज आपल्या डोक्यावर पडू शकते. पावसाची वाट बघायची नाही, लगेच पक्क्या घरात जायचं. आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यानंतर तीस मिनिटं बाहेर पडायचं नाही. "पाऊस थांबला म्हणून लगेच बाहेर पडतात आणि तिथेच फसतात," असं ती म्हणाली.

सासूबाई मध्येच उठल्या. "बाई, मला घड्याळ कळत न्हाई. शेकंद कसं मोजायचं?"

ती मुलगी म्हणाली, "आजी, एक हजार एक, एक हजार दोन असं म्हणायचं."

सासूबाईंना ते पसंत पडलं नाही. त्या खाली बसल्या आणि माझ्या कानात म्हणाल्या, "मी णमोकार म्हणती, तू बघ किती लागतंय." भर सभागृहात मी मोबाइलवर वेळ लावली. सावकाश, स्पष्ट, त्यांच्या चालीने एक णमोकार मंत्र दहा सेकंदांचा निघाला. म्हणजे तीन णमोकार पूर्ण व्हायच्या आत गडगडलं तर आत. पुढे घरी येऊन आम्ही त्यांची माळही मोजली. एकशे आठाला अठरा-एकोणीस मिनिटं. तेव्हा गडगडाट थांबल्यावर एक पूर्ण माळ आणि वर बऱ्यापैकी पाऊण माळ. पुन्हा वाजलं की माळ पहिल्यापासून. आता तुम्ही हसाल, पण आमच्या घरात हाच नियम चालू आहे. तुमच्या चालीला किती वेळ लागतो ते एकदा घड्याळ लावून बघा म्हणजे झालं.

झाडाखाली का उभं राहायचं नाही, हेही मला पहिल्यांदा कळलं. वीज उंच झाडावर पडते आणि तिथून शेजारी उभ्या माणसावर उडी मारते. जमिनीतूनही पसरते. जनावरं जास्त का मरतात? तर त्यांच्या पुढच्या आणि मागच्या पायांत अंतर असतं. एका पायातून शिरून दुसऱ्यातून बाहेर पडायला विजेला वाट मिळते. म्हणून अगदीच उघड्यावर सापडलं आणि आसरा नसला तर पाय जुळवून, उकिडवं, मान खाली घालून बसायचं, आडवं पडायचं नाही. पण हे नाइलाजाचं. हे केलं म्हणजे आपण वाचलोच असं नाही. खरा आसरा म्हणजे पक्कं घर, नाहीतर काचा बंद केलेली पत्र्याच्या टपाची गाडी. शेतातलं चार खांबांवरचं पत्र्याचं शेड आसरा नाही.

घरातही काही बाबी आहेत. वादळ डोक्यावर असताना नळाखाली भांडी घासायची नाहीत, आंघोळ करायची नाही, तारेला लावलेला मोबाइल कानाला धरायचा नाही, खिडकीत उभं राहून गंमत बघायची नाही. टीव्ही-फ्रिजचे प्लग काढायचे तर वादळ यायच्या आधी. तारा, नळ, लोखंडी कठडे यांच्यापासून लांब राहायचं, कारण वीज दूर कुठे पडली तरी त्यांच्यातून वाहत येते. हातातल्या परातीने वीज ओढून घेतली का, असं मी विचारलं. नाही म्हणाली. वीज उंची आणि उघडं ठिकाण बघते. पण ती कपड्यांची तार, तिच्याबद्दल ती काही वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, तिथून आली असू शकते.

उपाध्यांनी मानस्तंभाचं विचारलं. आमच्या मंदिराचा मानस्तंभ आसपासच्या घरांपेक्षा उंच. त्यावर तडितरक्षक आहे, म्हणजे गावाला काळजी नाही ना? ती म्हणाली, त्याची पट्टी तुटलेली नसेल आणि जमिनीत नीट पुरलेली असेल तर तो मानस्तंभाला आणि अगदी लगतच्या जागेला वाचवतो. गावाला नाही. त्यामुळे मानस्तंभाच्या चौथऱ्यावर बसून वळवाची मजा बघणाऱ्यांनी मंदिरात जावं. पट्टी कधी तपासली होती, हे मात्र सभागृहात कुणालाच सांगता आलं नाही. पुढच्याच आठवड्यात इलेक्ट्रिशियनला बोलावलं.

मग मी धीर करून उभी राहिले. "मी पायाळू आहे. पायाळू माणसावर वीज पडते म्हणतात, ते खरं का?"

सभागृहात खसखस पिकली. ती मुलगी मात्र हसली नाही. म्हणाली, "काकू, आपण कसे जन्मलो ते विजेला कळत नाही. पण तुमच्या आईने तुम्हाला घरात ठेवलं ते अगदी बरोबर केलं. फक्त बाकीच्यांनाही ठेवायला हवं होतं."

मी खाली बसले. मावशी समोर बघत होत्या.

त्यानंतर सिस्टर पुढे आल्या. एक रबरी बाहुली टेबलावर ठेवली आणि पहिलं वाक्य बोलल्या, "वीज लागलेल्या माणसाच्या अंगात करंट राहत नाही. त्याला लगेच हात लावता येतो. लगेच लावायचाच असतो." घरातल्या वायरला चिकटलेल्या माणसाची गोष्ट वेगळी, तिथे आधी मेन स्विच बंद. पण आभाळातली वीज क्षणात येऊन जाते, मागे काही ठेवत नाही. श्वास चालू आहे का बघायचं, नसेल तर छातीच्या मध्यावर दोन्ही तळहातांनी जोरात, मिनिटाला शंभर ते एकशे वीस वेळा दाबायचं, आणि दुसऱ्या कुणीतरी तोवर १०८ ला फोन करायचा. वीज लागून हृदय थांबलेली माणसं अशा पहिल्या काही मिनिटांत परत येऊ शकतात. आम्ही सगळ्या बायकांनी बाहुलीची छाती दाबून पाहिली. वाटतं त्यापेक्षा फार जोर लागतो. माझी पाळी आली तेव्हा हात थरथरत होते. शेजारणीला वाटलं दमले.

सभा सव्वासहाला संपली. चहा-बिस्किटं होती, पण दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची म्हणून आम्ही तशाच निघालो. सासूबाई पुढे कुणाशी तरी बोलत चालल्या होत्या. मावशी आणि मी मागे.

मावशी म्हणाल्या, "वैनी, त्या दिशी तुमी दारात हुबा व्हता. दिसत हुतं मला."

मी थांबलेच.

"बोलता येत न्हवतं, पर दिसत हुतं सगळं. कोण शिवंना, तवा मला वाटलं, मी मेली. म्हणून कोण शिवंना झालंय."

मैत्रिणींनो, वर्षभर मी हे धरून चालले होते की त्यांना त्या वेळचं काही आठवत नाही. दर चतुर्दशीला आलोचना पाठ म्हणते मी. एकेंद्रियापासून पंचेंद्रियापर्यंत सगळ्या जीवांची क्षमा मागते. आणि माझ्या गच्चीवर पडलेली एक बाई या यादीत मला दिसली नव्हती. पाणी दुहेरी फडक्याने गाळते, भाजी निवडताना अळी दिसली की पानासकट बाहेर नेऊन ठेवते. पापडाला बुरशी येऊ नये, म्हणून मी एका माणसाला विजेखाली पाठवलं. स्वतः मात्र गेले नाही, कारण मला भीती होती. मला भीती होती याचा अर्थ तिथे धोका आहे हे मला पक्कं माहीत होतं. इतर कशाहीपेक्षा हेच मला बोचतं. अजाणता झालं असं म्हणायची सोयच नाही.

कृत, कारित, अनुमोदित हे शब्द आपण किती वेळा म्हणतो. स्वतः केलेलं, दुसऱ्याकडून करवलेलं आणि करणाऱ्याला बरं म्हटलेलं. 'कारित' म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर कसाई, शिकारी, फार तर कीटकनाशक फवारणारा गडी यायचा. 'मावशी, पळा' हे कधी आलं नव्हतं.

मी रस्त्यातच म्हटलं, "मावशी, माझं चुकलं. पाठवलं तेही चुकलं आणि मागे सरले तेही." मला रडू आवरेना. मावशींनी पदराने माझं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "आता कळलं न्हवं करंट ऱ्हात न्हाई त्ये? मग झालं. चला बिगीबिगी, तुमचं जेवाण चुकंल."

पुढच्या आठवड्यात स्वाध्यायाला हा विषय निघाला. मीच काढला. एक ज्येष्ठ बाई म्हणाल्या, "आयुष्यकर्म संपलं की घरात बसलं तरी मरण येतं. विजेला भिऊन काय होणार?" हे बोलणं आपल्याकडे नेहमी ऐकू येतं आणि ते वैराग्यासारखं दिसतं, म्हणून कुणी उलट बोलत नाही. पण आमच्या पाठशाळेच्या ताईंनी तत्त्वार्थसूत्र उघडलं. दुसऱ्या अध्यायाचं शेवटचं सूत्र. देव आणि नारकी, त्याच भवात मोक्षाला जाणारे, आणि असंख्यात वर्षांचं आयुष्य असलेले भोगभूमीतले जीव, यांचं आयुष्य मध्येच तुटत नाही. याचा सरळ अर्थ, बाकीच्यांचं तुटू शकतं. विष, शस्त्र, आग अशा बाह्य निमित्तांनी अकाली मरण येऊ शकतं, असं टीकाकार सांगतात. ताई म्हणाल्या, "आपण या तिघांपैकी कोण आहोत का? नाही ना? मग आत बसा." एवढा छोटा स्वाध्याय आमच्याकडे कधी झाला नव्हता. त्या ज्येष्ठ बाईंना ते पटलं की नाही माहीत नाही. त्यांनी विषय आहाराच्या चौक्याकडे वळवला.

विहारात मुनिसंघाबरोबर चालणाऱ्या भगिनींसाठीही लिहायला हवं. एप्रिल-मे हे विहाराचेच दिवस, चातुर्मासाच्या आधीचे, आणि वळवाचेही. त्यागी कुठे थांबतील ते त्यांच्या चर्येप्रमाणे ठरेल, पण पुढचा मुक्काम ठरवणारे, रस्ता बघणारे आपणच असतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने दामिनी नावाचं ॲप केलंय. आपल्या आसपास वीस-चाळीस किलोमीटरमध्ये कुठे विजा पडताहेत ते त्यात दिसतं. हवामान खात्याचे रंगही लक्षात ठेवायला सोपे आहेत. हिरवा म्हणजे काळजी नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता हालचाल करा. दुपारचा विहार असेल तर निघण्याआधी हे बघावं आणि वाटेतली शाळा, मंदिर, पक्की धर्मशाळा कुठे आहे याची चौकशी करून ठेवावी. चिंचेच्या झाडाखाली सगळा संघ उभा राहिलेला मी स्वतः पाहिलाय आणि 'किती छान सावली' म्हणून त्यात मीही उभी राहिलेय.

सभेनंतर पंधराच दिवसांत आमच्याकडे वळीव आला. वेळ तीच, पावणेपाच. गच्चीवर पापड्या, सांडगे. खाली मावशी लाटत होत्या, सोबत त्यांची सूनही होती. वारं सुटलं तसे मावशींचे पाय सवयीने जिन्याकडे वळले. तेवढ्यात लांब कुठेतरी चमकलं आणि सासूबाईंनी पोळपाटावर हात आपटून मोठ्याने सुरू केलं. पहिला णमोकार झाला. दुसरा झाला. तिसरा सुरू होऊन 'णमो उवज्झायाणं'पर्यंत आल्या आणि आभाळ वाजलं.

"बसा खाली सगळ्या," सासूबाई म्हणाल्या. "पापड गेले तर जाऊ द्यात."

मी आत, मावशी आत, त्यांची सून आत. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच एकटी नव्हते. वर पाऊस कोसळत होता, पत्र्यावर गारा वाजत होत्या आणि चार किलो तांदळाच्या पापड्यांचं काय होत असेल ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं. मावशींच्या सुनेला फार हळहळ. "उचललं असतं की दोन मिन्टात," असं ती दोनदा म्हणाली. मावशी काही बोलल्या नाहीत. आपला उजवा कान चोळत बसल्या. सासूबाईंची माळ दोनदा पहिल्यापासून सुरू झाली. दिवस मावळायला आला, तेव्हा मी आतल्या आत भात आणि आमटी करून घेतली, धुण्याची भांडी तशीच ठेवली.

माळ आणि पाऊण माळ पूर्ण झाल्यावर मावशी उठल्या. "आता जाऊ का वर?"

"मी जाते," मी म्हटलं.

पापड्यांचा लगदा झाला होता. सांडगेही गेले. बुरशी धरायच्या आत, त्याच संध्याकाळी, सगळं भरून म्हशीपुढे ठेवलं. तिने आवडीने खाल्लं. तारेवरचे कपडेही मीच काढले आणि दुसऱ्या दिवशी ह्यांना सांगून ती लोखंडी तार काढून नायलॉनची दोरी बांधून घेतली. जास्त मोठा फरक पडतो असं नाही, पण मला ती तार बघवत नव्हती.

उडदाचे पापड सोप्यात होते, ते तेवढे राहिले. त्यांचं प्रमाण पुढच्या लेखात नक्की.